तोतलाडोह ते नळ: पाण्याची मोजदाद ठेवणार कोण?

पेंचकाठ (धागाकर्ता)

सभासदहो, गेल्या आठवड्यात घरातील जुने कागद आवरताना जुलै 2019 मधील एक वही हाती लागली. त्या महिन्यात नागपुरात दिवसाआड पाणी सोडण्याची वेळ आली होती. आमच्या सौभाग्यवतींनी वहीच्या डाव्या पानावर नळ किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे टिपून ठेवले होते, तर उजव्या पानावर त्या दिवशी भरलेल्या भांड्यांची यादी होती: दोन पिंप, एक घंगाळ, चार कळश्या आणि एके दिवशी नातवाचा आंघोळीचा टबसुद्धा. पाणीपुरवठ्याच्या कामात अभियंता म्हणून मी एकतीस वर्षे काढली, परंतु एका कुटुंबाला दिवसाला किती पाणी लागते याचा इतका स्वच्छ हिशेब नोकरीत असताना माझ्या पाहण्यात आला नव्हता.

त्या वर्षीची परिस्थिती अनेकांना आठवत असेल. सुमारे 1,017 दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचे, नागपूरला पाणी पुरवणारे पेंच नदीवरील तोतलाडोह धरण तळाला गेले होते. पाऊस लांबला होता आणि पेंचच्याच वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचे धरण झाल्यामुळे येणारा प्रवाहही आटला होता. पुढे सप्टेंबरपर्यंत तेच तोतलाडोह भरले, दरवाजे उघडावे लागले, आणि भरल्या धरणाबरोबर टंचाईची आठवणही वाहून गेली. त्याच उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव कोरडे पडले होते व शहरासाठी रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपल्याकडे लातूरला 2016 मध्ये मिरजेहून असेच पाणी गेले होते, त्यामुळे हे दृश्य आपल्याला नवीन नव्हते.

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनवर 2018 मध्ये हीच वेळ आली तेव्हा तेथील प्रशासनाने माणशी रोज 50 लिटरची मर्यादा घातली. मला त्यातील वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. धरणांत किती पाणी उरले आहे आणि शहराने किती वापरले, हे आकडे तेथे सातत्याने लोकांसमोर ठेवले जात होते. कोणते घर मर्यादेत आहे हे दाखवणारा नकाशाही प्रसिद्ध झाला होता. त्यावर टीका झाली, तरीही शहराने आपला वापर खरोखरच मोठ्या प्रमाणात खाली आणला.

विकसनशील देशांत पाण्यावरचा बहुतेक पैसा पाणी आणण्यावर खर्च होतो, आलेल्या पाण्याची मोजदाद करण्यावर होत नाही, असे माझे मत बनले आहे. आपल्याकडेही वैनगंगेचे पाणी चारशे किलोमीटरहून लांब कालव्याने नळगंगेपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली आहे. तिच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. मला विचारायचे आहे ते इतकेच, की आपल्या गावात, वस्तीत किंवा शेतात पाण्याचा हिशेब कोण ठेवतो, आणि कोणीच ठेवत नसेल तर त्याचे काय होते? राजकीय पक्षांची नावे कृपया टाळावीत.

झाडीपट्टी

माझे मूळ गाव साकोलीकडचे. आमच्याकडे हा हिशेब चारशे-पाचशे वर्षांपासून होता आणि तो कागदावर नव्हता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातील) सहा-सात हजारांच्या घरात आहेत, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या आश्रयाने ते बांधले गेले आणि त्यांत कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते.

माझे आजोबा तलावाचे पाणी सोडण्याच्या कामावर होते. गावाने त्यांना नेमले होते आणि सुगीत प्रत्येक घरातून त्यांना ठरलेले धान मिळे. धान निसवण्याच्या वेळी पावसाने दडी मारली की ते पहाटे पाळीवर (तलावाच्या बांधावर) जात, पाणी किती उतरले ते दगडी पायऱ्या मोजून पाहत आणि मगच तुडुमाचे (पाणी सोडण्याच्या दाराचे) तोंड उघडत. तलावाजवळच्या बांधीला (धानाच्या शेताला) पाण्याची पहिली पाळी मिळाली, तरी सर्वांत लांबच्या बांधीला पाणी पोहोचल्याशिवाय तिला दुसरी मिळत नसे. लांबच्या बांधीचा मालक स्वतः येऊन ‘पोचलं’ असे सांगे, तोवर आजोबा घरी परतत नसत.

मालगुजारी 1951 मध्ये गेली आणि तलाव शासनाकडे आले. ते न्याय्यच होते, कारण मालगुजार म्हणजे काही संत नव्हते. मात्र त्यानंतर मोठे तलाव एका विभागाकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आणि निस्ताराचे (गावाच्या रोजच्या वापराचे) हक्क गावाकडे, अशी वाटणी झाली. शेतकऱ्याला पाणी सोडायला हवे असते, तर मासेमाराला ते तलावात राहायला हवे असते, आणि दोघांनाही गाळ काढायचा असला तरी परवानगी तिसऱ्याकडून आणावी लागते. आजोबांच्या जागेवर पुढे कोणी आलेच नाही. आज त्या पाळीवर बेशरमची झुडपे माजली आहेत.

नवा_लेआऊट

पेंचकाठ साहेब, आपण भांड्यांची यादी दिलीत म्हणून माझीही देतो. शहराच्या दक्षिणेकडील एका ले-आऊटमध्ये मी 2009 साली घर बांधले. तेव्हा 160 फुटांवर बोअरला पाणी लागले होते. आज शेजारच्यांचा बोअर 350 फुटांवर आहे, आणि मार्चअखेर आम्ही दोघेही टँकरवाल्याला फोन करतो. टँकर आला की गल्लीतील बायामाणसे नळी घेऊन धावतात. ज्याची नळी लांब त्याची टाकी आधी भरते, एवढाच येथील पाणीवाटपाचा नियम आहे. झाडीपट्टी यांच्या आजोबांच्या नियमाच्या बरोबर उलट.

आमच्या ले-आऊटच्या नकाशात जलवाहिनी दाखवली होती. ती जमिनीत मात्र नाही. तक्रार कोठे करायची हेच कळत नाही, कारण एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि दुसरे पहिल्याकडे. ज्यांच्याकडे नळच नाही त्यांच्या पाण्याचा हिशेब आपल्या व्यवस्थेत कोठे बसतो, हा माझा साधा प्रश्न आहे.

सात_समुद्रापार_महालकर

मी मूळचा नागपूरच्या महाल भागातील, मात्र कामानिमित्त काही वर्षे कंबोडियात राहिलो. तेथील राजधानी फ्नोम पेन्हचे उदाहरण या धाग्याला अगदी चपखल बसते.

ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी गटाच्या राजवटीनंतर आणि यादवीनंतर त्या शहराच्या नळव्यवस्थेची पार दैना झाली होती. 1993 साली शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे 72 टक्के पाण्याचा पैसा येत नव्हता. काही गळून जात होते, काही चोरीला जात होते आणि काही तर कर्मचारीच परस्पर विकत होते. त्या वर्षी एक सोन चान नावाचे अभियंते प्रमुख झाले. (‘एक’ हा त्यांच्या नावाचाच भाग आहे, आकडा नव्हे.) त्यांनी नवे धरण मागितले नाही. प्रथम ग्राहकांची यादी घरोघर फिरून तपासली आणि प्रत्येक जोडणीला मीटर लावले. मग पाण्याचे बिल मोठ्या माणसांनाही द्यायला लावले. एका लष्करी अधिकाऱ्याकडे ते मीटर बसवायला गेले तेव्हा त्याने त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावले होते, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. पुढे पंधरा-सोळा वर्षांत ती नासाडी सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले. चान यांना 2006 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नवा_लेआऊट यांच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. गरीब वस्तीला जोडणी हप्त्याने देण्यात आली आणि कमी वापराचा दर कमी ठेवण्यात आला. टँकर व हातगाडीवाल्याकडून पाणी घेणारा गरीब माणूस नळवाल्या श्रीमंतापेक्षा लिटरमागे कितीतरी जास्त पैसे मोजत असतो. जोडणी मिळाल्यावर त्याचा खर्च उतरला, हे मी तेथील बायकांकडून ऐकले आहे.

जुनी_शुक्रवारी

महालकर, उदाहरण उत्तम आहे, पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात 1999 साली मीटर आणि हिशेब याच नावाखाली पाण्याचे काम परदेशी भागीदारी असलेल्या कंपनीकडे दिले गेले, दर एकदम वाढले, आणि लोकांनी वर्गणी काढून खणलेल्या विहिरीही त्या कराराच्या कक्षेत येतील अशी भीती पसरली. लोक रस्त्यावर उतरले आणि करार रद्द करावा लागला. हिशेब ठेवणारा कोणाला उत्तर देतो हे स्पष्ट नसेल, तर लोकांना मीटर आणि जप्तीची नोटीस यांत फरक वाटत नाही.

नागपुरानेही चोवीस तास पाण्याची योजना धरमपेठ भागातील प्रायोगिक टप्प्यापासून सुरू करून 2012 पासून संपूर्ण शहरासाठी पंचवीस वर्षांच्या खासगी भागीदारीत दिली आहे. त्याविषयी माझे मत संमिश्र आहे. आमच्या गल्लीत दाब सुधारला आणि नळातून पाणी ओढणारे टिल्लू पंप बंद झाले, हे मान्य करायलाच हवे. मात्र कोणत्या जलकुंभातून दररोज किती पाणी सुटले आणि त्यातील कितीचे बिल झाले, हे मला माझ्या मोबाइलवर पाहता येत नाही. केप टाउनच्या नागरिकाला धरणाचा आकडा दिसत होता. मला फक्त माझे बिल दिसते.

संत्राबाग

शहरातील मंडळी नळावर बोलत आहेत, म्हणून थोडे शेतावरचे लिहितो. माझी बाग नरखेड तालुक्यात आहे. वरुड, मोर्शी, नरखेड, काटोल हा पट्टा संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि भूजलाच्या अतिउपशासाठीही, हे दुसरे आम्ही बाहेरच्यांना सांगत नाही.

कपाशीला पाणी मिळाले नाही तर एक हंगाम जातो, पण संत्र्याचे झाड वाळले तर सात-आठ वर्षांची मेहनत जाते. त्यामुळे उन्हाळ्यात झाड जगवण्यासाठी शेतकरी घरातील सोने मोडून बोअर खोल करतो. माझ्या वडिलांची विहीर 45 फुटांची होती आणि तिच्यावर मोट चाले. मी आतापर्यंत नऊ बोअर मारले, त्यांपैकी चार कोरडे गेले, आणि शेवटचा 800 फुटांचा आहे. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद आहे, असे मला एका कृषी सहायकाने सांगितले, तेव्हा आम्ही दोघेही 800 फुटांच्या बोअरशेजारी उभे होतो. दोघेही हसलो, दुसरे काय करणार.

ठिबकाविषयीही प्रामाणिकपणे लिहितो. ठिबक बसवल्यावर माझे पाणी वाचले, आणि वाचलेल्या पाण्यावर मी आणखी दीड एकर बाग लावली. आजूबाजूच्या सर्वांनी तेच केले. पाणी वाचवण्याचे साधन मिळाले, परंतु वाचलेले पाणी कोणाचे हे ठरवणारा कोणी नव्हता. आता सौर पंप येत आहेत. दिवसा वीज मिळते हे सुख मोठे आहे. पूर्वी वीज जाई तेव्हा तरी मोटार बंद पडे, आता सूर्य मावळेपर्यंत ती चालू राहते.

पेंचकाठ (धागाकर्ता)

संत्राबाग यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे एक चतुर्थांश एकटा भारत उपसतो, आणि त्याचा बहुतांश भाग शेतीत जातो. एवढा मोठा वापर ज्या कोट्यवधी विहिरींतून होतो, त्यांच्यावर मीटर नाही आणि ते बसवणे व्यवहार्यही नाही. म्हणून फ्नोम पेन्हचा मार्ग शेतीला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे मला मान्य करावे लागेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने वेगळा मार्ग काढला. पावसाळा संपल्यावर गावात किती पाऊस पडला याचा आकडा ग्रामसभेत मांडायचा, पिण्याचे, जनावरांचे आणि शेतीचे पाणी त्यातून वजा करायचे आणि मग त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या पिकावर गावाने स्वतःहून बंदी घातली. येथे उपसा मोजण्याऐवजी पाऊस मोजला गेला, आणि तो मोजायला एक साधे पर्जन्यमापक पुरते.

मुरूम_आणि_काळा_पत्थर

भूजलाच्या क्षेत्रात काम केलेले असल्याने दोन गोष्टींची भर घालतो. नागपूर हे दोन खडकांच्या सीमेवर वसलेले शहर आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पत्थर आहे, ज्याचे एक टोक आपल्याला सीताबर्डीच्या टेकडीत दिसते, आणि पूर्वेकडे भंडाऱ्याच्या दिशेने ग्नाइस हा जुना खडक लागतो. या दोन्ही खडकांत पाणी स्पंजासारखे सर्वत्र साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत राहते. 800 फुटांवर लागणारे पाणी बहुधा एखाद्या भेगेतील जुना, मर्यादित साठा असतो. तो एकदा उपसला की पुढचे अनेक पावसाळे तो भरून काढू शकत नाहीत. म्हणून आपल्याकडे जे काही पुनर्भरण करायचे ते मुरमाच्या थरात, उथळ विहिरींच्या पातळीवरच करणे शहाणपणाचे आहे. बोअरमध्ये गच्चीचे गढूळ पाणी गाळण्याशिवाय सोडणे म्हणजे भेगा स्वतःच्या हाताने बुजवणे होय.

दुसरी गोष्ट वाळूची. केनियाच्या माचाकोस आणि कितुई या कोरड्या भागांत हंगामी ओढ्यांवर कमी उंचीची भिंत बांधतात. पुराबरोबर आलेली वाळू तिच्यामागे साठते आणि वाळूच्या कणांमधील पोकळीत तिच्या आकारमानाच्या पाव ते एक तृतीयांश इतके पाणी राहते. उन्हाने ते उडून जात नाही, त्यावर डास होत नाहीत, आणि बायका वाळूत झिरा (पाणी झिरपून येणारा खड्डा) काढून घागर भरतात. आपल्या आज्याही नदीत असाच झिरा काढत होत्या. कन्हान नदीच्या पात्रातील वाळू हा असाच निसर्गाने फुकट बांधून दिलेला जलकुंभ आहे, आणि आपण तो ट्रकने भरून विकतो. केनियातील गाव वाळू अडवण्यासाठी सिमेंट खर्च करते आणि आपले गाव सिमेंट कालवण्यासाठी वाळू उपसते. यापेक्षा उलटा व्यवहार माझ्या पाहण्यात नाही.

चाचणी_नळी

या चर्चेत सर्वजण किती पाणी याविषयी लिहीत आहेत, कसले पाणी याविषयी नाही. मी अनेक वर्षे पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून हा मुद्दा मांडणे माझे कर्तव्य समजते.

बांगलादेशात तळ्यांच्या दूषित पाण्याने मुले दगावत होती, म्हणून 1970च्या दशकापासून लाखो कूपनलिका घेतल्या गेल्या. हेतू चांगला होता, कॉलऱ्यासारखे आजारही कमी झाले. मात्र त्या पाण्यात आर्सेनिक आहे का हे तपासले गेले नव्हते. तळव्यांवर आणि छातीवर डाग घेऊन माणसे रुग्णालयात येऊ लागली, तेव्हा कोट्यवधी लोक ते पाणी वर्षानुवर्षे पीत आले होते. आपल्याकडे यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडची हीच कथा आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि पुढे हाडे आखडतात. फ्लोराइडला रंग, वास, चव काहीच नसल्याने ज्या गावात बोअर खोल गेला त्या गावाला आपण आनंदाने पेढे वाटले.

येथे नागपूरकरांनी अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट आहे. आपल्या शहरातील नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली. बादलीत दोन्ही घालून ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी घ्यायचे, इतकी ती सोपी आहे. टांझानिया आणि इथिओपियापर्यंत तिचा वापर करून पाहिला गेला. तिच्या मर्यादाही मी जवळून पाहिल्या आहेत: तुरटी रोज मोजून घालावी लागते, आणि मोजणारी बाई माहेरी गेली की घरचे पुन्हा बोअरचे पाणी थेट पितात.

सांडपाण्याविषयी एकच. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले दररोज 130 दशलक्ष लिटर सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना नागपुराने आखली आणि राबवली. तेवढे पेंचचे गोडे पाणी त्यामुळे पिण्यासाठी मोकळे झाले. नामिबियातील विंडहुक शहर तर 1968 पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत आले आहे. आपण तिथवर जावे असे मी म्हणत नाही, परंतु नाग नदीतून आजही जे प्रक्रियेविना वाहते, ते कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. तेथून खालच्या गावांना जाणाऱ्या पाण्यात आपल्या स्वयंपाकघराचा वाटा असतो.

झाडीपट्टी

चाचणी_नळी ताई, शेवटचे वाक्य मनाला लागले. आमचे नातेवाईक त्याच पाण्यावर आहेत.

नवा_लेआऊट

23 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले. त्या रात्री आमच्या सासऱ्यांना पहिल्या मजल्यावर उचलून न्यावे लागले होते. सहा महिन्यांनी त्याच घरी मी टँकर बोलावला. पेंचकाठ साहेबांचे वाचून आज गणित केले: माझी गच्ची साधारण 90 चौरस मीटर आहे आणि आपल्याकडे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस होतो. म्हणजे वर्षाला 90 हजार लिटर पाणी मी पाइपने रस्त्यावर सोडतो आणि नंतर पाच-पाच हजार लिटरने विकत घेतो.

मुरूम_आणि_काळा_पत्थर

गणित बरोबर आहे, फक्त वाया जाणारे धरून 70-75 हजार समजा. ले-आऊटमध्ये एखादी जुनी उघडी विहीर असेल तर ते पाणी बोअरमध्ये न सोडता वाळू-गिट्टीच्या गाळणीतून तिच्यात सोडा. आणि आधी तिची पातळी मोजायला लागा. पावसाळ्यापूर्वीची नोंद नसेल तर पावसाळ्यानंतरच्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

नवा_लेआऊट

कोपऱ्यावर मूळ शेतमालकाची विहीर आहे. तिच्यात लोक निर्माल्य टाकतात आणि वर जाळी आहे. आज सकाळी दोन शेजाऱ्यांना घेऊन जाळी उचलली, नायलॉनच्या दोरीला हात-हातावर गाठी मारल्या आणि टोकाला लोखंडी नट बांधून सोडला. कठड्यापासून पाण्यापर्यंत एकोणीस गाठी, म्हणजे साधारण साडेआठ मीटर. तळाला साडेतीन मीटर पाणी अजून आहे, आणि हे मे महिन्यात. समोरच्या काकूंनी विचारले की यात कोणी पडले का. नोंद वहीत केली आहे. पुढची 1 जूनला करीन आणि येथे टाकीन.

पेंचकाठ (धागाकर्ता)

गाठी कठड्यापासून मोजल्यात की जमिनीपासून, तेही वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा कोणी मोजेल तेव्हा तीन फुटांचा घोळ होतो. आमच्याकडील वही सौभाग्यवतींनी पुन्हा सुरू केली आहे.